यशवंतकाकांची पांढरी कमान

"यशवंत गेला गं," बाबा फोनवर म्हणाले, आणि मी विचारलं, "कुठे?"

मला खरंच कळलं नव्हतं. यशवंतकाका ओमानभर सारखे कुठेतरी जातच असत. सूरला, खाबुऱ्याला, वाळवंटातल्या कुठल्या तरी साइटवर... त्यामुळे 'गेला' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे त्यांची धुळीने भरलेली गाडी आली. मग बाबांनी नीट सांगितलं. सकाळी मस्कतला, अझैबातल्या घरी चहा घेताना छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी त्याच शहरात, रुवीतल्या आमच्या ऑफिसात माझ्या टेबलाशी उभी होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी "एव्हरीथिंग ओके?" विचारलं आणि मी "येस" म्हणाले. मला अशा वेळी पटकन काही बोलता येत नाही. इंग्रजीतही नाही आणि मराठीत तर नाहीच.

त्याला आता काही आठवडे झाले. काकांना त्यांच्या गावी, कराडच्या बाजूला, नेलं आणि सगळं तिथेच पार पडलं. शालनकाकू आता अझैबाचं घर बंद करायला परत आल्या आहेत. दोघांना मूलबाळ नव्हतं. व्हिसा संपायच्या आत घर रिकामं करून त्या गावी कायमच्या राहायला जाणार आहेत. ऑफिस सुटलं की मी त्यांच्याकडे जाते, भांडी वर्तमानपत्रात गुंडाळते, खोक्यांना टेप लावते. आणि रोज गावाकडून फोन येतो. अंत्ययात्रेच्या दिवशीच वस्तीतल्या मंडळाच्या मुलांनी ठरवलं होतं की वस्तीच्या तोंडाशी एक कमान बांधायची आणि तिच्यावर यशवंतकाकांचं नाव घालायचं. कॉन्ट्रॅक्टर तयार आहे, अक्षरं कोरायची आहेत, फक्त काकूंचा होकार हवा. पण काकूंना होकार देता येईना. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "कमानींचं ते सगळं तुझ्याशी बोलायचे. तू सांग. त्यांना चाललं असतं का?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण माझ्याकडे दोन उत्तरं होती आणि ती एकमेकांच्या अगदी उलट होती. हा लेख लिहिताना तरी काही उलगडेल असं वाटतंय... बघू या.

काका आणि बाबा एकाच कन्सल्टन्सीत इंजिनियर होते. काका स्ट्रक्चरचे, म्हणजे इमारत दिसते कशी यापेक्षा ती उभी राहते कशी हे बघणारे. नव्वदच्या दशकात आम्ही अझैबाला एकाच इमारतीत राहत होतो, ते खाली आणि आम्ही वर. आम्हा सगळ्या मुलांना बाहेरच्या मोठ्या माणसांना 'अंकल' म्हणायची सवय होती. मी एकदा त्यांना 'यशवंत अंकल' म्हटलं तर ते जिन्यात थांबले. "अंकल? मी काय तुझ्या स्कूलबसचा ड्रायव्हर हाय का गं? काका म्हण." मी लाजून आईच्या मागे गेले. तेव्हापासून ते मला 'मॅडम' म्हणायला लागले, कारण मी गप्पसुद्धा इंग्रजीतच बसते, असं त्यांचं म्हणणं होतं. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी काकू आणि ते गाडी काढून हिंडायला निघत आणि मला मागच्या सीटवर टाकत. "चला मॅडम, यल्ला. जरा मराठी हवा खाऊन या," म्हणत. ओमानच्या डोंगरांमध्ये मराठी हवा कुठून येणार, पण मी जात असे. ते बोलत आणि मी ऐकत असे. बोलायला न लागणं मला फार आवडायचं.

आमच्या घरी गावाबद्दल कधीच बोलणं होत नसे. आम्ही बौद्ध आहोत हे मला माहीत होतं. बुद्धपौर्णिमेला सगळे मराठी बौद्ध एका भाड्याच्या हॉलमध्ये जमत, पांढरे कपडे घालत, वंदना म्हणत, खीर खात. याच्या मागे काय होतं, कोण कुठून आलं, आजोबा काय करत, हे आईबाबांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शाळेत कोणी आडनावावरून काही विचारलं तर आई म्हणायची, "सांग, वुई आर फ्रॉम मुंबई." तेवढं पुरायचं.

मी शाळेत वरच्या वर्गात होते तेव्हा मिस्टर लिम आले. ते मलेशियातले चिनी, पेनांगचे. मस्कतमध्ये एका ओमानी अर्बाबबरोबर, म्हणजे स्थानिक भागीदाराबरोबर, त्यांनी रेस्टॉरंट काढायचं ठरवलं होतं. जागा छान होती, समोर पार्किंगसाठी मोकळी जमीन होती, आणि त्या जमिनीच्या तोंडाशी त्यांना एक चिनी कमान हवी होती. पायफांग म्हणतात तिला. लाल खांब, वर हिरव्या कौलांची छोटी छपरं, मध्ये सोनेरी अक्षरांची पाटी. दुसऱ्या देशांमधल्या मोठ्या शहरांत चिनी वस्तीच्या सुरुवातीला असते तशी. हे काम काकांच्या ऑफिसात आलं, आणि दोन खांबांवर जड डोकं घेऊन वाऱ्यात उभं राहायचं, म्हणजे काम स्ट्रक्चरवाल्याचंच.

काका त्या कमानीच्या अगदी प्रेमात पडले. शुक्रवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरत आणि मला बोलावत. "हे बघा मॅडम. ह्याला दार न्हाई. बाजूला भिंत न्हाई. कुणीबी बाजूनं चालत जाऊ शकतंय. मग हे कशाला बांधायचं?" मी म्हणाले, "डेकोरेशन?" ते हसले. मिस्टर लिमनी त्यांना सांगितलं होतं की जुन्या काळी चीनमध्ये अशी कमान कोणालाही बांधता येत नसे, राजाची परवानगी लागायची. कोणी मोठा अधिकारी झाला, कोणी आईबापांची फार सेवा केली, कोणी विधवा आयुष्यभर एकटी राहिली, तर त्यांच्या नावाची कमान रस्त्यावर उभी राहायची, आणि मग गावातल्या सगळ्यांना रोज त्या नावाखालून जावं लागायचं. काकांना ही 'नावाखालून जाणं' कल्पना इतकी आवडली की ते ती पुन्हा पुन्हा सांगत. मग कपाटातून सांचीच्या स्तूपाचे फोटो काढून दाखवत. सांचीच्या तोरणालाही दार नाही. कोणी म्हणतं आपली तोरणं बौद्ध भिक्खूंबरोबर तिकडे गेली आणि त्यांची कमान झाली, कोणी म्हणतं तसं काही नाही, ती त्यांचीच आहे. "कुणाचं का असंना," काका म्हणत, "दार न्हाई ह्ये महत्त्वाचं."

काकू स्वयंपाकघरातून ओरडत, "दार नाही, भिंत नाही, आणि माझं जेवायचं टेबलही नाही! उचला ते कागद."

पण मस्कतमध्ये इमारतींच्या रंगांचे नियम होते. पांढरा, मातकट, फिकट असे रंग चालायचे. रस्त्यावरून दिसणारे भडक लाल खांब आणि हिरवी कौलं मंजूर होणार नाहीत, असं बलदियात, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, सांगण्यात आलं. काकांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट आनंद झाला. त्यांनी सगळी कमान पांढऱ्या रंगात काढली. संगमरवरी दिसेल अशी, सांचीच्या दगडासारखी शांत. परवानगी आली. मिस्टर लिम तेव्हा आईला आणायला पेनांगला गेले होते, आणि त्यांच्या अर्बाबने इथे सही करून टाकली. ते परत आले तेव्हा कमान उभी होती.

उद्घाटनाचा दिवस मला अजून स्पष्ट आठवतो. काकांनी आम्हाला सगळ्यांना नेलं होतं. आमच्यात मंगल कार्याला पांढरं नेसतात, काकूंनी लग्नातही पांढरीच साडी नेसली होती. त्या दिवशी त्या मोठ्या हौसेने पांढरी शुभ्र साडी नेसून आल्या, काकांनी पांढरा सदरा घातला होता. मिस्टर लिमच्या आई गाडीतून उतरल्या. लहानशा, पाठीत वाकलेल्या बाई. त्यांनी वर बघितलं. मग खाली काकूंकडे बघितलं. मग मुलाला काहीतरी विचारलं आणि मिस्टर लिमचा चेहरा पडला.

"काय म्हणाल्या?" काकांनी इंग्रजीत विचारलं.

"विचारते आहे, कोण वारलं," मिस्टर लिम हळूच म्हणाले. मग काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "मिस्टर यशवंत, व्हाइट कॅनॉट! पांढरी कमान म्हणजे थडग्याची. मेलेल्यांची. तुम्ही मला विचारलं का नाही?"

काका उभेच राहिले. काकू मात्र पुढे झाल्या, म्हातारीचा हात धरला आणि मराठीत म्हणाल्या, "नाही हो आजी, कोणी नाही वारलं. आमच्यात लग्नाला असं नेसतात." आजींना अर्थातच काही कळलं नाही. त्यांनी सजावटीतली एक लाल रिबीन तोडली आणि काकूंच्या खांद्यावर, पदराला पिन असते तिथे, अडकवून टाकली. मग काकूंचा हात न सोडता त्या इमारतीच्या मागे गेल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरल्या. काकूंनाही त्यांच्या मागून भाज्यांच्या क्रेटमधून वाट काढत जावं लागलं. आजी मस्कतला होत्या तोवर त्या कधीच त्या कमानीखालून गेल्या नाहीत.

मी काय करावं ते मला कळेना. पांढरं शुभ की अशुभ? मी कमानीच्या बाजूने, जिथे भिंत नव्हती तिथून, आत गेले. काका एकटे मधून चालत आले.

नंतर कधीतरी मिस्टर लिमचा राग निवळला. काका आणि ते मित्र झाले. रेस्टॉरंट दुपारी बंद असे तेव्हा दोघं मागच्या पायरीवर बसून चहा घेत. मी एकदा बरोबर होते. काकांनी विचारलं, "पेनांगला तुमच्या गल्लीत अशी कमान आहे का?" मिस्टर लिम म्हणाले, "नाही. तिथे कशाला? तिथे सगळे आम्हीच. जिथे आपण परके असतो तिथे कमान लागते." काकांनी विचारलं, "वेलकम म्हणायला?" मिस्टर लिम खांदे उडवून म्हणाले, "वेलकम म्हणायला. आणि हेही सांगायला की ते लोक इथे राहतात, एवढ्याच भागात." काकांनी कप पायरीवर ठेवून दिला.

त्या दिवशी घरी परतताना त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली आणि मला वेशीबद्दल सांगितलं. मला 'वेस' हा शब्दच माहीत नव्हता. गावाला भिंत असायची आणि तिला एक मोठा दरवाजा, ती वेस. ती संध्याकाळी बंद करायची, सकाळी उघडायची, आलं-गेलं कोण ते बघायचं, हे काम आमच्या लोकांकडे असे. "माझे आजोबा वेसकर," काका म्हणाले. "गावाचं दार त्यांच्या हातात. आणि घर कुठं? वेशीबाहेर. दार लावायचं आणि आपण भायेर झोपायचं. कळतंय का मॅडम?" मी म्हणाले, "मग पाऊस आला तर?" मला दुसरं काही सुचलं नाही. काका माझ्याकडे बघून हसले, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. ती वेस त्यांच्या लहानपणीच पडली, दगड लोकांनी घरांना वापरले. मग ते म्हणाले, आणि हे मला जसंच्या तसं आठवतं, "आपल्या वस्तीच्या तोंडाशी एक कमान बांधीन मी. बिनदाराची. आजोबांचं नाव घालीन." मी विचारलं, "आणि तुमचं?" ते म्हणाले, "माझंबी घालतील की पोरं. घालू देत. चार माणसं खालून जातील."

हे पहिलं उत्तर.

घरी गेल्यावर मी आईला विचारलं, "आपले आजोबा पण वेसकर होते का?" आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "तुला हे कोणी सांगितलं?" आणि थोड्या वेळाने, "अभ्यास झाला का?"

दुसरं उत्तर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मिळालं. मी तेव्हा पुण्यात कॉलेजात होते. काका-काकू सुट्टीवर आले होते आणि त्यांनी मला दोन दिवस गावी नेलं. मी पहिल्यांदाच अशा वस्तीत राहिले. एक छोटं विहार, नळाला ठरावीक वेळी पाणी, सगळी घरं एकमेकांना लागून. संध्याकाळी मंडळाची मुलं आली. त्यांचा पुढारी संतोष, काकांचा पुतण्या. गावातल्या वरच्या आळीने त्यांच्या देवळाच्या रस्त्यावर मोठी कमान बांधली होती, आणि आता या मुलांनाही बांधायची होती. निळ्या रंगाची, वर धम्मचक्र, आणि खाली 'सौजन्य' म्हणून काकांचं नाव. "तात्या, तुम्ही नकाशा द्या, नाव तुमचंच," संतोष म्हणाला.

मला वाटलं काका खूश होतील. त्यांचं तर हेच स्वप्न होतं. पण त्यांचा आवाज चढला. "गटार उघडं हाय, त्याच्यावर फरशी न्हाई, आन् तुम्हाला कमान पाहिजे? कशाला? एस.टी.तनं उतरणाऱ्याला लांबनंच कळावं ही आपली वस्ती म्हणून? आमच्या बापजाद्यांची घरं वेशीबाहेर ठेवली, ते कळायला पाटी लागत नव्हती. आता तुम्ही स्वतःच्या हातानं पाटी लावताय?"

संतोष पुढे सरकला. तो म्हणाला, "तात्या, तुम्ही तिकडं गेलात. तुम्हाला कुणी विचारत न्हाई कुठलं म्हणून. आम्हाला रोज विचारत्यात. मग लपवायचं कशाला? आम्हाला सांगायचंच हाय आत कोण राहतंय ते. मोठ्या अक्षरात."

काका उठून आत गेले. जाताना दारात वळून म्हणाले, "माझं नाव घातलंत तर मी त्याच्याखालनं पाय टाकणार न्हाई. ध्यानात ठेवा." कमान तेव्हा झाली नाही. गटारावर फरशा मात्र पडल्या, काकांनीच त्या घालून घेतल्या.

मला त्या रात्री संतोषचं बरोबर वाटलं. सकाळी काकांचं बरोबर वाटलं. 'वुई आर फ्रॉम मुंबई' म्हणणाऱ्या घरातून आलेली मी, मला या भांडणात मत असायला हवं की नको, हेही कळेना... परत येताना गाडीत मी विचारणार होते की तुम्ही मस्कतला तर वेगळं म्हणाला होतात. पण काकांनी रेडिओ लावला आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतर मी शिक्षण संपवून इथे नोकरीला परत आले. मिस्टर लिमचं रेस्टॉरंट तोवर बंद झालं होतं आणि ते पेनांगला निघून गेले होते. त्या जागी दुसरी इमारत आली, पांढरी कमान पाडली गेली. काकांना त्याचं काय वाटलं हे मी विचारलं तर ते म्हणाले, "वाऱ्यानं पडली न्हाई ना? मग झालं." शेवटच्या भेटीतही आम्ही कमानींबद्दल बोललो नाही. मी त्यांच्याकडे काकूंची शिवायला दिलेली ब्लाउजं पोचवायला गेले होते. ते टीव्ही बघत होते. "काय मॅडम, ऑफिसात बोलता का तिथंबी मुक्या?" मी म्हणाले, "इन्शाल्ला बोलेन," आणि ते मोठ्याने हसले. एवढंच.

तर, काकूंना मी परवा सगळं सांगितलं. दोन्ही उत्तरं. त्यांच्या रिकाम्या होत चाललेल्या बैठकीत जमिनीवर बसून, इतकं सलग मराठी मी आयुष्यात कधी बोलले नसेन. सांगून झाल्यावर मी म्हणाले, "मला माहीत नाही काकू. मी खूप विचार केला. मला वाटतं दोन्ही वेळा ते मनापासूनच बोलत होते."

काकूंनी हातातली ताटली पुसून खोक्यात ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांनाही कळलं नव्हतं."

हे माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. मला वाटायचं काकांना माहीत आहे, फक्त मला समजत नाही.

तेवढ्यात गावाहून फोन वाजला. संतोष होता. काकूंनी स्पीकर लावला, कारण त्यांना कमी ऐकू येतं.

"काकी, काय ठरलं? कॉन्ट्रॅक्टर रोज इचारतोय. तात्यांना आवडलं असतं काकी, तुम्ही नको त्याचा इचार करू नका."

"आवडलं असतं का ते तुला पण माहीत नाही आणि मला पण नाही," काकू म्हणाल्या. "पण संतोष, तिथं राहायला कोण येणार आहे? मी. दळण आणायला, दवाखान्यात जायला, रोज त्या कमानीखालून कोण जाणार? ते नाही जाणार, मी जाणार. मग मला विचार ना."

"बरं. तुम्हाला इचारतो. घालायचं का नाव?"

काकूंनी हातातला फडका मांडीवर ठेवला. मला वाटलं त्या नाही म्हणणार. रोज येता-जाता डोक्यावर ते नाव...

"घाल," त्या म्हणाल्या. "सोबत होईल. पण 'सौजन्य' नको, आणि 'कालकथित' लिहायचं नाही."

"अवो काकी, गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित लिहित्यातच की. आपल्यात रीत हाय. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणू देत. नुसतं नाव घाल. त्यांचं आणि त्यांच्या आजोबांचं. मला रोज सकाळी कोणी सांगायला नको आहे की ते नाहीत. ते मला माहीत आहे."

मग संतोष म्हणाला, "बरं काकी. रंग निळाच देणार हां आम्ही."

"दे बाबा. तू ऐकणार थोडाच आहेस," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. मग पुन्हा ताटल्या पुसायला लागल्या. काकांना हे पटलं असतं का? मला अजूनही सांगता येत नाही. दोन खांब उभे राहतील, त्यांच्यावर निळा रंग लागेल, आणि ज्या माणसाने त्याखालून जाणार नाही म्हटलं होतं त्याचं नाव वर असेल. हे त्यांच्या इच्छेविरुद्ध झालं की इच्छेप्रमाणे?

काल शुक्रवार होता. काकूंना जाण्याआधी एकदा जुन्या मस्कतचा समुद्र बघायचा होता, म्हणून मी त्यांना घेऊन निघाले. काकांची गाडी आता मी चालवते. मत्रा बंदर सोडलं की समुद्राच्या कडेने वळणं घेत रस्ता जातो आणि पुढे जुन्या मस्कतची मोठी कमान रस्त्यावर आडवी उभी आहे, जुन्या किल्ल्याच्या भिंतीसारखी. काका कुठल्याही कमानीखालून गाडी नेताना वेग कमी करत, थोडं पुढे वाकून काचेतून वर बघत आणि विचारत, "येऊ का?" सूरला, खाबुऱ्याला, जिथे कुठे गावाच्या तोंडाशी स्वागताची कमान असेल तिथे. कोणी उत्तर देत नसे. काकू पिशवीतून संत्रं काढून सोलत असायच्या आणि मी मागे बसून हसायची, कारण मला ती गंमत वाटायची. गंमत होती की नव्हती, हे मी आता कोणाला विचारू?

कमान जवळ आली तसा माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागून कोणीतरी हॉर्न दिला. काकू समोर बघत बसल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "विचार की गं. ते विचारायचे."

मला लाज वाटली. गाडीत आम्ही दोघीच होतो, तरी वाटली. मी थोडी पुढे वाकले, वर बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "येऊ का?"

कमानीची सावली गाडीवर आली. काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"या की," त्या म्हणाल्या.